रेणूंचे डावे-उजवे

जपानी रसायनशास्त्रज्ञ ऱ्योजी नोयोरी यांच्या संशोधनाची वाटचाल : चार धातू, एक प्रश्न

१९६६ साली क्योतो विद्यापीठातील प्रा. हितोसी नोझाकी यांच्या गटाने एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रयोग साधाच होता. स्टायरीन आणि इथाइल डायअ‍ॅझोअ‍ॅसिटेट ही दोन सहज मिळणारी संयुगे तांब्याच्या एका खास संयुगाबरोबर एकत्र आणायची आणि तीन कार्बन अणूंचे इवलेसे कडे असलेला पदार्थ मिळवायचा. हा पदार्थ दोन रूपांत असू शकतो आणि ती रूपे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. नेहमीच्या पद्धतीने केले, तर दोन्ही रूपे अगदी निम्मी निम्मी मिळत. नोझाकींच्या गटाला एक रूप साधारण ५५ टक्के आणि दुसरे ४५ टक्के मिळाले.

रसायनशास्त्रज्ञ अशा निकालाला ‘१० टक्के आधिक्य’ म्हणतात. दोन रूपांच्या टक्क्यांमधला फरक म्हणजे आधिक्य. कारखान्याच्या दृष्टीने हा निकाल कुचकामी होता. ५५-४५ चे मिश्रण औषधात चालत नाही आणि अत्तरातही चालत नाही. निबंधाच्या लेखकांमध्ये २७-२८ वर्षांचा एक सहायक होता, ऱ्योजी नोयोरी. हिदेमासा ताकाया हा त्याचा सहकारीही लेखकांत होता. पस्तीस वर्षांनी, २००१ साली, नोयोरींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तोवर त्यांच्या पद्धतीने एका सुगंधद्रव्याचे हजार टनांच्या घरात वार्षिक उत्पादन होत होते.

या दोन टोकांमध्ये एकच चमत्काराचा क्षण शोधायला गेले, तर हाती काही लागत नाही. नोयोरींनी धातू बदलले, रेणू बदलले, गाव आणि विद्यापीठ बदलले, पण प्रश्न एकच ठेवला. विक्रिया घडतानाच रेणूला हव्या त्या हाताचे, म्हणजे डावे किंवा उजवे, कसे करायचे? विज्ञानातल्या मोठ्या कामाबद्दल या माणसाची कारकीर्द जे सांगते ते मला महत्त्वाचे वाटते. तत्त्व सिद्ध होणे आणि ते उपयोगाला येणे यांत दोन दशकांचे अंतर असू शकते, आणि ते अंतर एकटी प्रयोगशाळा कापू शकत नाही.

हात असलेले पदार्थ

उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात घातली तर चालता येते, पण पाय कुरकुरतो. आकार तोच, माप तेच, चामडे तेच. फक्त वळण उलटे. कार्बनच्या अनेक संयुगांचे असेच असते. कार्बन अणूला चार वेगवेगळे गट जोडलेले असले की त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते. दोन्ही रूपांचा वितळणबिंदू एकच असतो, घनता एकच असते, साध्या विद्रावकातली विद्राव्यताही एकच असते. फरक दिसतो तो ध्रुवीकृत प्रकाशात, कारण एक रूप प्रकाशाचे प्रतल उजवीकडे फिरवते आणि दुसरे डावीकडे. दुसरा फरक दिसतो सजीवांच्या शरीरात. आपली प्रथिने एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली आहेत, त्यामुळे बाहेरून आलेल्या रेणूचा हात शरीराला लगेच कळतो.

कार्व्होन या संयुगाचे उदाहरण आपल्या नाकाला ओळखीचे आहे. त्याच्या एका रूपाला स्पिअरमिंटचा वास येतो. आरशातल्या दुसऱ्या रूपाला बाळंतशेपाचा. अणू तेच आणि त्यांची जोडणीही तीच, पण एकाचे च्युइंगम होते आणि दुसरे बाळंतिणीच्या सुपारीत जाते.

रेणूंच्या या स्वभावाचा पहिला पुरावा लुई पाश्चर यांनी १८४८ साली पॅरिसमध्ये दिला. तेव्हा ते पंचविशीत होते. द्राक्षाच्या दारूच्या उद्योगातून मिळणाऱ्या टार्टरिक आम्लाच्या एका निष्क्रिय भावंडाच्या क्षाराचे स्फटिक त्यांनी भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्यांत दोन प्रकार दिसले. चिमट्याने ते वेगळे करून दोन द्रावणे बनवली, तर एकाने प्रकाश उजवीकडे फिरवला आणि दुसऱ्याने तितकाच डावीकडे. पुढे १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे चौकोनी नव्हे, चतुष्फलकी कार्बनची कल्पना मांडली आणि पाश्चर यांच्या निरीक्षणाला अणूंच्या पातळीवरचे कारण मिळाले.

या विषयावर लिहिताना थॅलिडोमाइडचा उल्लेख बहुधा होतोच, पण तो अर्धवट होतो. पश्चिम जर्मनीत १९५७ साली बाजारात आलेले हे औषध गरोदरपणातल्या मळमळीवर दिले जाई. त्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक बालके व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ते मागे घ्यावे लागले. ‘एक रूप औषधी, दुसरे घातक, शुद्ध रूप दिले असते तर अनर्थ टळला असता,’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात थॅलिडोमाइडची दोन्ही रूपे शरीरात काही तासांत एकमेकांत बदलतात. शुद्ध रूप देऊनही तो अनर्थ टळला नसता. मात्र प्रत्येक औषधाच्या दोन्ही रूपांचा हिशेब स्वतंत्रपणे द्यायला हवा, ही जाणीव हळूहळू पक्की झाली, आणि १९९२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविषयी धोरणच जाहीर केले.

अडचण अशी की प्रयोगशाळेतल्या चंबूला हात नसतो. साधी अभिक्रियाद्रव्ये वापरली की डावे आणि उजवे रूप समान प्रमाणात तयार होते. मग निसर्गातून एकाच हाताचा पदार्थ आणायचा आणि त्यावर पुढचे काम करायचे, किंवा मिश्रण बनवून नंतर रूपे वेगळी करायची. दुसऱ्या मार्गात निम्मा माल वाया जातो, किंवा पुन्हा फिरवून वापरावा लागतो. तिसरा मार्ग असा की थोडासा एका हाताचा उत्प्रेरक वापरायचा आणि त्याच्याकडून लाखो रेणूंना तोच हात घ्यायला लावायचे. याला असममित उत्प्रेरण म्हणतात. नोयोरींनी आयुष्य खर्च केले ते या तिसऱ्या मार्गावर.

तांबे

नोयोरींचा जन्म ३ सप्टेंबर १९३८ चा, कोबे शहराजवळच्या आशिया या ठिकाणचा. वडील रासायनिक उद्योगात संशोधन पाहत. १९४९ साली हिदेकी युकावा यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. जपानचे ते पहिलेच. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशातल्या मुलांवर त्याचा खोल परिणाम झाला आणि अकरा वर्षांचा नोयोरी त्यांतलाच एक होता. त्यानंतर लवकरच वडील त्याला नायलॉनविषयीच्या एका सार्वजनिक कार्यक्रमाला घेऊन गेले. कोळसा, हवा आणि पाणी यांपासून नायलॉन बनवता येते, हे तिथे त्याने ऐकले. जवळपास काहीच नसलेल्या गोष्टींतून मौल्यवान वस्तू घडवणारे शास्त्र आपले, हे त्याच वयात ठरले, असे नोयोरींनी पुढे लिहून ठेवले आहे.

१९५७ साली ते क्योतो विद्यापीठात दाखल झाले आणि १९६३ मध्ये पदव्युत्तर शिक्षण संपताच नोझाकींच्या गटात शिकवू लागले. तांब्याचा तो प्रयोग मुळात एक तात्त्विक शंका सोडवण्यासाठी होता. डायअ‍ॅझो संयुगापासून तयार होणारा अत्यंत चंचल ‘कार्बीन’ तुकडा मोकळा फिरतो की विक्रिया होईपर्यंत तांब्याला चिकटून राहतो? तो मोकळा असेल, तर तांब्याभोवतीच्या रेणूचा हात त्याला कळण्याचे कारण नाही. चिकटून असेल, तर तयार मालात एका रूपाचे प्रमाण थोडे तरी वाढायला हवे. म्हणून तांब्याभोवती एका हाताचे सेंद्रिय संयुग गुंफले, आणि ५५-४५ हा कल दिसला. शंकेचे उत्तर मिळाले. शिवाय विद्राव्य धातू-संयुगाला सेंद्रिय रेणूने हात देता येतो आणि तो हात विक्रियेतून पुढे जातो, हे तत्त्व मिळाले.

या निबंधाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्याच परंपरेतले तादातोशी आरातानी सुमितोमो केमिकल या कंपनीत गेले. तिथे त्यांनी तांब्याभोवतीची सेंद्रिय गुंफण बदलत बदलत हे आधिक्य ९० टक्क्यांच्या वर नेले. मूत्रपिंडात इमिपेनेम या प्रतिजैविकाचे विघटन होऊ नये म्हणून त्यासोबत सिलास्टॅटिन देतात. त्याच्यासाठी लागणारा तीन कार्बनांच्या कड्याचा एका हाताचा तुकडा या मार्गाने कारखान्यात बनू लागला. तत्त्व विद्यापीठात सापडले, पण त्याच्यावर चिकाटीने काम झाले ते कारखान्यात.

ऱ्होडियम

१९६८ मध्ये, तिशीही न गाठलेल्या नोयोरींना नागोया विद्यापीठाने स्वतंत्र गट उभारायला बोलावले. पुढच्या वर्षी ते हार्वर्डला ई. जे. कोरी यांच्याकडे गेले. कोरी तेव्हा प्रोस्टाग्लँडिन या अतिशय प्रभावी शारीरद्रव्यांच्या संश्लेषणात गढले होते. अशा रेणूत अनेक द्विबंध असतात आणि त्यांतल्या नेमक्या एकालाच हायड्रोजन जोडायचा असतो. हे काम करताना नोयोरींना हायड्रोजनीकरणाची गोडी लागली. ही विक्रिया स्वच्छ असते. हायड्रोजन स्वस्त असतो आणि मागे कचरा उरत नाही. हार्वर्डमध्येच त्यांची बॅरी शार्पलेस या तरुणाशी मैत्री झाली. तीस वर्षांनी हे दोघे स्टॉकहोममध्ये एकाच व्यासपीठावर बसणार होते.

याच सुमारास अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये मॉन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ एका वेगळ्या टोकाने त्याच प्रश्नापाशी आले होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील जेफ्री विल्किन्सन यांनी १९६० च्या दशकाच्या मध्याला ऱ्होडियमचा एक विद्राव्य उत्प्रेरक दिला होता. त्यात ऱ्होडियमला फॉस्फरसची संयुगे, म्हणजे फॉस्फिन, जोडलेली असतात. नोल्स यांनी त्यांच्या जागी हात असलेले फॉस्फिन घातले. १९६८ साली त्यांना मिळालेले आधिक्य होते १५ टक्के, म्हणजे नोयोरींच्या तांब्यापेक्षा फार वेगळे नव्हे. पण नोल्स कंपनीत होते आणि कंपनीसमोर एक नेमकी गरज होती : एल-डोपा.

पार्किन्सनच्या रुग्णाला लागणारे एल-डोपा डाव्या हाताचेच हवे. निसर्गात ते काही शेंगवर्गी वनस्पतींत असते. आपल्याकडच्या खाजकुयलीच्या बियांतून ते १९३७ साली मद्रासमध्ये वेगळे करण्यात आले होते. पण रुग्णांच्या संख्येला पुरेल इतके आणि परवडेल अशा किमतीत ते बियांमधून काढणे अवघड होते. नोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकामागून एक फॉस्फिन तपासले आणि डायपँप नावाच्या फॉस्फिनने ९५ टक्के आधिक्य गाठले. १९७४ च्या सुमारास मॉन्सँटोमध्ये या मार्गाने एल-डोपाचे उत्पादन सुरू झाले. असममित हायड्रोजनीकरण उद्योगात उतरण्याची ही पहिली वेळ. मधल्या काळात, १९७१ साली, फ्रान्सच्या आंरी कागान यांनी दोन फॉस्फरस असलेले फॉस्फिन बनवले. त्याचा पाया होता टार्टरिक आम्ल, पाश्चर यांचेच.

नोयोरींनी १९७४ मध्ये स्पर्धेत उतरायचे ठरवले, पण अगदी वेगळा रेणू घेऊन. त्यांच्यासोबत क्योतोच्या त्या निबंधातले ताकाया होते. त्यांनी कल्पिलेल्या रेणूत दोन नॅप्थलीन वलये एका बंधाने जोडलेली होती आणि प्रत्येकीवर एक फॉस्फरस होता. वलये इतकी दाटीत की ती एकमेकांवरून फिरू शकत नाहीत, आणि जुळणी पिळलेलीच राहते. या रेणूत चार वेगवेगळे गट जोडलेला एकही कार्बन नाही. त्याचा हात या पिळातूनच येतो. शिवाय तो दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने धातूजवळ येणाऱ्या रेणूपुढचे पर्याय कमी होतात. नाव दिले बायनॅप.

कागदावर देखणा दिसणारा हा रेणू हाती येईना. बनवणे जमले तर शुद्ध एका हाताचा मिळेना, आणि मिळाला तर पुन्हा त्याच पद्धतीने मिळेल याची खात्री नसे. पहिला समाधानकारक निबंध १९८० साली आला. बायनॅप आणि ऱ्होडियमच्या जोडीने अमिनो आम्लांच्या पूर्वरूपांना हायड्रोजन दिला, तेव्हा काही बाबतींत आधिक्य जवळपास १०० टक्के मिळाले. एका लिगंडसाठी, म्हणजे धातूला जोडायच्या रेणूसाठी, सहा वर्षे गेली होती.

आता कारखान्याची पाळी होती. ताकासागो ही सुगंधद्रव्ये बनवणारी जपानी कंपनी. तिला मेंथॉल हवे होते. मेंथॉल म्हणजे आपल्या अमृतधारेतला पुदिनाफूल हा घटक. त्याच्या रेणूत हाताचे तीन बिंदू आहेत, त्यामुळे त्याची आठ रूपे संभवतात. जिभेला खरा गारवा देणारे त्यांतले एकच. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी होक्काइदोतला किटामी परिसर पुदिन्याच्या शेतीमुळे जगाला मेंथॉल पुरवणाऱ्या प्रमुख ठिकाणांपैकी होता. पण शेतातल्या पिकावर भाव आणि हवामान दोन्हींचा भार असतो.

ओसाका विद्यापीठाचे सेई ओत्सुका व काझुहिदे तानी, ताकासागोचे सुसुमु आकुतागावा आणि नोयोरी-ताकाया यांनी मिळून वेगळीच वाट काढली. पाइनच्या राळेपासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनमधून मिर्सीन बनवायचे, त्याचे एक अमाइन करायचे, आणि त्या अमाइनमधला द्विबंध ऱ्होडियम-बायनॅपच्या सान्निध्यात एक घर सरकवायचा. द्विबंध सरकताना रेणूला हात मिळतो. पुढच्या पायरीत सिट्रोनेलाल तयार होते, ९६ ते ९९ टक्के आधिक्याचे. गवती चहाच्या जातीतल्या सिट्रोनेला तेलातून मिळणारे नैसर्गिक सिट्रोनेलाल साधारण ८० टक्क्यांपर्यंतच जाते. म्हणजे चंबूतला माल निसर्गापेक्षा शुद्ध निघाला. त्यापुढे वलय मिटवायचे, हायड्रोजन द्यायचा, आणि मेंथॉल मिळते.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून ताकासागोमध्ये हे व्यापारी प्रमाणावर सुरू झाले. ऱ्होडियम हा अत्यंत महाग धातू. तो एकदाच वापरून टाकावा लागला असता, तर हिशेब बसलाच नसता. कंपनीच्या लोकांनी उत्प्रेरक टिकवण्याच्या आणि पुन्हा वापरण्याच्या युक्त्या शोधल्या, आणि एका उत्प्रेरक रेणूमागे रूपांतर होणाऱ्या रेणूंची संख्या लाखांच्या घरात नेली. हे काम विद्यापीठाच्या नियतकालिकांत फारसे झळकत नाही, पण त्याच्याशिवाय बायनॅप एका देखण्या निबंधापुरता राहिला असता.

इथे एक गमतीची बाब नोंदवायला हवी. १९५० च्या दशकात भारतात लागवडीसाठी आणलेला ‘जपानी पुदिना’ उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या आसपास असा रुजला की आज नैसर्गिक मेंथॉलच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. जर्मनीत तिसरा मार्ग आहे. तिथे थायमॉल, म्हणजे ओवाफूल, कारखान्यात बनवून त्याला हायड्रोजन देतात, आठही रूपांचे मिश्रण करतात आणि स्फटिकीकरणाने हवे ते वेगळे काढतात. बाजारात तिन्ही मार्ग एकमेकांशी झुंजतात. असममित उत्प्रेरणाने मेंथॉलची शेती संपवली नाही.

जस्त

१९८६ च्या आसपास नोयोरी जस्ताकडे वळले. बेंझाल्डिहाइड म्हणजे कडू बदामाच्या वासाचे द्रव्य. त्यावर डायइथाइलझिंक घातले, तर विक्रिया अत्यंत संथ चालते. पण त्यात कापरापासून बनवलेला एक अमिनो-अल्कोहोल थोडासा घातला की ती वेग घेते आणि मिळणारा माल ९८ टक्क्यांच्या आधिक्याचा असतो. कापराचा हात निसर्गानेच दिलेला, त्यामुळे हे साहाय्यक सहज मिळणारे होते.

नंतर आढळले ते आश्चर्यकारक होते. हा कापूरजन्य साहाय्यक शुद्ध नसला, केवळ १५ टक्के आधिक्याचा असला, तरीही मिळणाऱ्या मालाचे आधिक्य ९५ टक्के भरत होते. भेसळयुक्त मार्गदर्शकाने जवळपास शुद्ध माल द्यावा हे तर्काला पटत नव्हते. नोयोरी आणि मासातो कितामुरा यांनी त्याचा उलगडा केला. साहाय्यकाचे रेणू जस्तासह जोड्यांत राहतात. उजवा आणि डावा यांची मिश्र जोडी फार घट्ट असते आणि ती कामाला येत नाही. एकाच हाताच्या दोन रेणूंची जोडी सैल असते. ती मोडते आणि सुटा रेणू कामाला लागतो. म्हणजे कमी संख्येने असलेला हात मिश्र जोड्यांत अडकून निष्क्रिय होतो आणि जास्त असलेल्यांतला उरलेला भाग मोकळा राहतो. अशा अरेषीय परिणामांचा अभ्यास फ्रान्समध्ये कागान आधीपासून करत होते. नोयोरींनी त्याचे एक ठाशीव उदाहरण दिले आणि त्याची यंत्रणाही दाखवली.

या प्रयोगाची सावली औषध उद्योगापलीकडे पडते. पृथ्वीवरच्या सजीवांनी एकाच हाताची अमिनो आम्ले का निवडली, हा जुना प्रश्न आहे. सुरुवातीला एखाद्या हाताचे किंचित आधिक्य असेल, तर ते असे वाढत जाऊ शकते, हे यातून सूचित होते. टोकियो विज्ञान विद्यापीठातील केन्सो सोआई यांनी १९९५ साली असेच एक उदाहरण दाखवले, ज्यात तयार होणारा पदार्थच स्वतःचा उत्प्रेरक बनतो. जीवसृष्टीचा हात असाच ठरला, हे यावरून सिद्ध झाले नाही. ते शक्य आहे, एवढे मात्र दिसले.

रुथेनियम

ऱ्होडियम-बायनॅप अमिनो आम्लांच्या पूर्वरूपांवर उत्तम चाले, पण कामाचा पल्ला मर्यादित होता. नोयोरींनी बायनॅप तोच ठेवला आणि धातू बदलून रुथेनियम घेतला. १९८६-८७ मध्ये त्यांनी दाखवले की रुथेनियम-बायनॅप कितीतरी प्रकारच्या द्विबंधांवर चालतो, आणि काही किटोनांवरही, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन द्विबंध असलेल्या संयुगांवरही. किटोनचे हायड्रोजनीकरण करून एका हाताचे अल्कोहोल मिळवणे औषधांच्या दृष्टीने फार मोलाचे, कारण एकदा हात मिळाला की पुढचा सगळा रेणू त्याभोवती उभा करता येतो.

ऑफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक जपानच्या दाइइची कंपनीने १९८० च्या दशकात आणले. त्याच्या दोन रूपांपैकी डावे रूप प्रभावी होते. तेच लिव्होफ्लॉक्सासिन म्हणून बाजारात आले आणि आपल्या औषधांच्या दुकानांत आजही सहज मिळते. त्यासाठी लागणारा हाताचा तुकडा ताकासागो रुथेनियम-बायनॅपने हायड्रॉक्सिअ‍ॅसिटोनपासून बनवत असे, वर्षाला सुमारे ५० टन.

पण सर्वांत साध्या किटोनांवर, ज्यांच्यात धातूला पकड घ्यायला दुसरा गट नसतो, अजून यश नव्हते. १९९१ ते १९९६ या काळात जपान सरकारच्या इराटो योजनेत नोयोरींच्या नावाने एक प्रकल्प चालला. त्यात ताकाओ इकारिया यांच्यासारखे सहकारी होते. तिथे १९९५ मध्ये उत्तर सापडले. रुथेनियमला बायनॅपबरोबर एक डायअमाइन जोडला. मग डायअमाइनच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन आणि रुथेनियमवरचा हायड्रोजन एकाच वेळी किटोनकडे सरकतात. किटोनला धातूला चिकटावेच लागत नाही. उत्प्रेरणाची जुनी समजूत अशी होती की आधी धातूला चिकटायचे आणि मग बदलायचे. नोयोरींनी दाखवले की धातू आणि त्याच्याभोवतीची सेंद्रिय गुंफण मिळून काम करू शकतात.

याच कुळातल्या एका उत्प्रेरकाचा एक प्रयोग आकड्यांतच सांगावा लागतो. २.२ मिलिग्रॅम रुथेनियम-संयुग घेतले आणि त्याने ६०१ ग्रॅम अ‍ॅसिटोफेनोनचे पूर्ण रूपांतर झाले. एका उत्प्रेरक रेणूमागे सुमारे २४ लाख रेणू! आधिक्य मात्र ८० टक्केच होते, म्हणजे ९०-१० चे मिश्रण. वेग आणि निवडकता एकाच वेळी कमाल मिळतीलच असे नाही. औषध बनवणारा माणूस त्या दोहोंत तडजोड करून आपला उत्प्रेरक निवडतो.

स्टॉकहोम आणि नंतर

२००१ च्या नोबेलचा अर्धा वाटा नोल्स आणि नोयोरी यांना हायड्रोजनीकरणासाठी मिळाला आणि उरलेला अर्धा शार्पलेस यांना ऑक्सिडीकरणासाठी. शार्पलेस यांच्या उत्प्रेरकातही टार्टरिक आम्लाचे संयुग होते. नोल्स तेव्हा ८४ वर्षांचे होते आणि कंपनीतून निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली होती. क्योतोपासून बायनॅपपर्यंत साथ दिलेले ताकाया मात्र तोवर हयात नव्हते. कागान यांचे नाव यादीत नसल्याची हळहळ अनेक रसायनशास्त्रज्ञांनी बोलून दाखवली. पारितोषिक तिघांपुरतेच असते, काम मात्र पुष्कळांचे असते.

२००३ पासून २०१५ पर्यंत नोयोरी रिकेन या जपानच्या मोठ्या संशोधनसंस्थेचे अध्यक्ष होते. त्या पदाच्या शेवटच्या टप्प्यात संस्थेवर मोठे संकट आले. जानेवारी २०१४ मध्ये रिकेनमधील संशोधकांचे पेशींवरचे दोन निबंध ‘नेचर’मध्ये गाजावाजासह आले आणि जुलैमध्ये ते मागे घ्यावे लागले. अध्यक्ष या नात्याने नोयोरींना जाहीर माफी मागावी लागली. आपल्या रेणूसाठी सहा वर्षे थांबलेल्या माणसाच्या कारकिर्दीत शेवटी घाईने छापलेल्या निकालाचे प्रकरण यावे, हे विचित्रच.

विषय त्यांच्यापुरता थांबला नाही. २०२१ चे नोबेल बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांना मिळाले. त्यांनी धातू पूर्ण वगळून केवळ छोट्या सेंद्रिय रेणूंनी असममित उत्प्रेरण करून दाखवले. लिस्ट यांचा उत्प्रेरक तर प्रोलीन हे साधे अमिनो आम्ल होते. दुसरीकडे विकरे पुढे सरसावली आहेत. मधुमेहावरचे सिटाग्लिप्टिन मर्क कंपनी आधी ऱ्होडियमने हायड्रोजनीकरण करून बनवत असे. २०१० मध्ये कोडेक्सिस कंपनीच्या साथीने प्रयोगशाळेत सुधारलेल्या विकराने ती पायरी बदलली. दाबाखालचा हायड्रोजन गेला आणि महाग धातूही गेला.

आपल्याकडे या विषयाचे नाते प्रामुख्याने औषध उद्योगाशी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शार्पलेस यांच्या विक्रिया आणि प्रोलीन यांवर आधारलेल्या संश्लेषणांनी अनेक शोधप्रबंध भरले आहेत. पुण्याच्याच एमक्युअर कंपनीने रक्तदाबावरचे एस-अ‍ॅम्लोडिपिन भारतात विकायला आणले. अ‍ॅम्लोडिपिनची रूपे टार्टरिक आम्लाच्या साहाय्याने वेगळी करता येतात, म्हणजे पाश्चर यांचा मार्ग अजून टिकून आहे. तो स्वस्त पडत असेल, तर असममित उत्प्रेरणाचा आग्रह धरण्यात अर्थ नसतो. २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनचे पेटंट भारतात संपले आणि अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या, तेव्हा किमती झपाट्याने उतरल्या. असे रेणू मोठ्या प्रमाणावर शुद्ध आणि स्वस्तात बनवण्यात आपले कारखाने निष्णात आहेत.

मात्र नवा उत्प्रेरक शोधणे हे निराळे काम आहे. नोयोरींच्या वाटचालीत ते दोन गोष्टी एकत्र आल्यावरच घडले. सहा वर्षांत एक लिगंड देणाऱ्या गटाला विद्यापीठाने आणि सरकारने थांबू दिले, आणि त्याच वेळी सुगंधाच्या कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तो लिगंड उचलून त्यावर स्वतःची वर्षे घातली. एक असून दुसरी नसती, तर नागोयात एक मोहक शोधनिबंध राहिला असता किंवा ताकासागोमध्ये टर्पेंटाइनची पिंपे. भारतात धीराने काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि हिशेबी कारखानेही आहेत. दोघांमध्ये लोकांची आणि प्रश्नांची ये-जा वाढली, तरच पुढचा उत्प्रेरक आपल्या नावावर जमा होईल. त्यासाठी दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांच्या अडचणीत रस वाटायला हवा, आणि अनुदान देणाऱ्यांना पंधरा वर्षे पुढचे पाहायची सवय.